मोझेल सायकलवर, ऱ्हाईन पायी

जर्मनीत द्राक्षमळ्यांतून हिंडायचं म्हटलं की दोन नावं एका दमात घेतली जातात: ऱ्हाईन आणि मोझेल. फोटो शेजारीशेजारी ठेवले तर कुठला कुठला हे सांगणं कठीण. दोन्हीकडे खोल दरी, तळाशी नदी, उभ्या उतारावर वेली, वर एखादा किल्ला आणि खाली चर्चचा मनोरा. खडक बहुतेक तोच, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा पाटीचा दगड. द्राक्षही मुख्यतः तेच, रीसलिंग. शिवाय दोन्ही नद्या कोब्लेन्झला एकमेकींना मिळतात, त्यामुळे सहली विकणारे ‘ऱ्हाईन-मोझेल’ असं एकच गाठोडं बांधून देतात.

माझं मत विचाराल तर सायकल असेल तर मोझेल गाठावी आणि पायी हिंडायचं असेल तर ऱ्हाईन. उलट केलंत तरी सहल वाया जाणार नाही, पण ज्यासाठी इतक्या लांब आलो ते निम्मंच हाती लागेल. याचं कारण वाईनमध्ये नाही. नदीच्या वळणांत आणि आगगाडीच्या रुळांत आहे.

आधी मोझेल. त्रीअर ते कोब्लेन्झ हे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, नदी मात्र जवळजवळ दुप्पट अंतर कापून पोचते. डोंगराची एक सोंड आडवी आली की तिला पुरता वळसा, मग दुसरीला. बेर्नकास्टेल-कूसहून ट्राबेन-ट्रारबाखला डोंगर ओलांडून गेलं तर सात-आठ किलोमीटर. नदीकाठाने गेलं तर वीसच्या वर. पायी चालणाऱ्याला काठाचा हा वळसा कंटाळवाणा होतो. सायकलस्वाराला तो हवाच असतो, कारण दर वळणाला ऊन दुसऱ्या काठावर जातं आणि वेलीही त्याच्यामागून तिकडे जातात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर खडे मळे, समोरच्या सावलीतल्या उतारावर जंगल; पुढच्या वळणावर नेमकं उलट. जर्मनीतली द्राक्षशेती उन्हाच्या तुकड्यासाठी किती धडपडते, हे सायकलवरून तासाभरात कळतं. नाशिककडची सपाट रानातली, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येणारी द्राक्षबाग पाहिलेल्यांना तर हे फारच वेगळं वाटेल.

वाटही सोपी. १९५६ साली फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी करार केला आणि मोठी जहाजं चालावीत म्हणून नदीवर बंधारे घातले. त्रीअर ते कोब्लेन्झ असे दहा. पाणी संथ, काठ सपाट, आणि एवढ्या लांबीत नदीची पातळी शंभर मीटरही उतरत नाही. गुडघ्यांची तक्रार असलेले आईवडील भेटीला आले असतील तर त्यांनाही ई-सायकलवर बसवून नेता येतं.

आता रूळ. कोब्लेन्झहून निघालेली गाडी कोखेमपर्यंत नदीच्या सोबतीने येते, मग चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरून एक मोठं वळण चक्क गाळते. बुलायला नदी ओलांडली की ती डोंगरामागून व्हिटलिशमार्गे त्रीअरकडे निघून जाते. ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत एक छोटा फाटा आहे, तेवढाच. पूर्वी काठाने त्रीअरपर्यंत जाणारी एक वेगळी गाडी होती, ती १९६०च्या दशकात बंद पडली; तिच्या जुन्या मार्गावरून आज काही ठिकाणी सायकलवाट जाते. म्हणजे बेर्नकास्टेल, पीसपोर्ट ही मोझेलची सगळ्यांत नावाजलेली गावं आज गाडीविना आहेत. पाय थकले की बसची वाट बघायची. ही शांतता सायकलस्वाराच्या पथ्यावर पडते, चालणाऱ्याच्या नाही.

मोझेलला पायवाट नाही असं मात्र नाही. २०१४ साली सुरू झालेला मोझेलश्टाइग ३६५ किलोमीटरचा, २४ टप्प्यांचा आहे. त्यातला ब्रेमजवळचा काल्मोंट तेवढा चुकवू नका. हा युरोपातल्या सगळ्यांत खड्या द्राक्षमळ्यांपैकी एक. काही ठिकाणी उतार साठ अंशांच्या पुढे. त्याच्या अंगावरून लोखंडी दोर आणि शिड्या लावलेली वाट जाते. सह्याद्रीत हिंडलेल्यांना ती जमेल, उंचीची भीती वाटणाऱ्यांनी खालूनच बघावं. सायकल गावात उभी करा आणि अर्धा दिवस इथे घालवा.

ऱ्हाईनची गोष्ट वेगळी. इथे मी बिंगेन-र्‍युडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतच्या सुमारे ६५ किलोमीटर दरीबद्दल बोलतोय, २००२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या. (र्‍युडेसहाइमची बाटली मात्र ‘राइनगाउ’ची असते, ‘मिटेलराइन’ची नव्हे. नदी एक, दरी एक, पण वाईनच्या नकाशावर प्रांत दोन.) ही दरी मोझेलसारखी सतत गिरक्या घेत नाही, बोपार्डजवळचं एक मोठं वळण सोडलं तर बऱ्यापैकी सरळ धावते. आणि तळात गर्दी फार. दोन्ही काठांवर हमरस्ता, दोन्ही काठांवर रेल्वे, मधे मालवाहू जहाजं. मालगाड्या रात्रीही थांबत नाहीत. काठाच्या सायकलवाटेवर, डाव्या काठाची जरा बरी धरली तरी, एका कानात नदी आणि दुसऱ्यात गाडी.

हाच गोंगाट दोनशे मीटर वर चढलात की खेळण्यातला होतो, आणि दरी दिसते तीही तिथूनच. उजव्या काठाने बॉन ते वीसबाडेन जाणारा राइनश्टाइग हा पायमार्ग ३२० किलोमीटरचा आहे, २००५पासूनचा. त्यातला काउब ते सांक्ट गोआर्सहाउझेन हा टप्पा मी आधी सांगेन. काउबच्या समोर नदीच्या मध्यावर दगडी जहाजासारखा एक जकातीचा किल्ला, मग समोरच्या काठावर ओबरवेसलचे बुरूज, शेवटी लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा. दमछाक होते, कारण प्रत्येक ओढ्याच्या घळीत उतरून पुन्हा चढावं लागतं. वाटेत झुडपांनी गिळलेल्या जुन्या दगडी ताली दिसतात. त्या एकेकाळच्या बागा. मिटेलराइनमध्ये आता जेमतेम साडेचारशे हेक्टर द्राक्षं उरली आहेत, मोझेलला साडेआठ हजारांच्या आसपास. खडा उतार, सगळं हातांनी करायचं, मजूर मिळत नाहीत. लोकांनी शेती सोडली. काठावरून सायकल हाणताना ही पडीक रानं ध्यानातही येत नाहीत.

आणि खाली ज्या रुळांना शिव्या घातल्या तेच इथे कामी येतात. दर काही किलोमीटरवर स्टेशन. पाऊस आला, टाच सोलली, की उतरा आणि गाडी पकडा. अट एकच: कोब्लेन्झ सोडल्यापासून माइन्झ-वीसबाडेनपर्यंत सुमारे ८० किलोमीटरात नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट, आणि ती संध्याकाळी बंद होते. मुक्काम समोरच्या काठावर घेतला असेल तर शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच पाहून ठेवा.

पिण्याबद्दल थोडं. मोझेलची काबिनेट नावाच्या हलक्या दर्जाची, किंचित गोडसर रीसलिंग बरेचदा आठ-नऊ टक्के अल्कोहोलचीच असते, त्यामुळे दुपारी एक पेला सहज जातो. पण जर्मनीत दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा ठरतो. रक्तात हजारी १.६ अल्कोहोल सापडलं तर सरळ खटला. तोल गेला किंवा अपघात झाला तर ०.३लाही अडचण येते, आणि मोटारीचं लायसन्सही धोक्यात येऊ शकतं. चालणाऱ्यांना ही चिंता नाही, हा ऱ्हाईनच्या बाजूने आणखी एक मुद्दा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर तोडणी सुरू असते. काही मळ्यांतल्या वाटा तेवढ्यापुरत्या बंद ठेवतात, तिथे मुकाट्याने वळसा घ्यावा. याच दिवसांत शेतकरी आपल्या अंगणात नाहीतर कोठारात बाकं टाकून घरची वाईन विकतात, आणि अजून आंबत असलेला, गढूळ, गोड रसही मिळतो. त्याच्यासोबत येणारा कांद्याचा केक शाकाहारी वाटतो, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ऑर्डर देण्याआधी विचारा.