द थॉर्न बर्ड्स (कादंबरी)

द थॉर्न बर्ड्स ही कॉलीन मॅकलो या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 1977 साली आलेली इंग्रजी कादंबरी. मेंढ्या पाळणाऱ्या क्लिअरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही गोष्ट, 1915 ते 1969. पण लोकांच्या लक्षात राहिलंय ते एकच, मेगी क्लिअरी आणि फादर राल्फ द ब्रिकासार यांचं प्रेम. तो कॅथलिक धर्मगुरू, म्हणजे ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला, त्यामुळे लग्नाचा प्रश्नच नाही. जगभरात तीन कोटींच्या वर प्रती खपल्या असं सांगतात, आणि अमेरिकेत नुसत्या पेपरबॅकच्या हक्कांना 19 लाख डॉलर मिळाले होते, तो तेव्हाचा विक्रम होता.

सुरुवात न्यूझीलंडमध्ये. मेगीचा चौथा वाढदिवस, तिला आयुष्यातली पहिली बाहुली मिळते, अ‍ॅग्नेस, आणि दोन भाऊ थोड्याच वेळात त्या बाहुलीचे केस आणि मोती उपटून ठेवतात. घरात पोरं भरपूर, पैसा नाही, आणि आई फिओना, म्हणजे फी, दिवसभर कामात, कुणाला जवळ घेणं वगैरे नाहीच. मग बापाची, म्हणजे पॅडीची, श्रीमंत विधवा बहीण मेरी कार्सन सगळ्यांना ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या ड्रोहेडाला बोलावून घेते. ड्रोहेडा हे तिचं अडीच लाख एकरांचं मेंढ्यांचं स्टेशन (स्टेशन म्हणजे तिकडे प्रचंड मोठा रॅंच, रेल्वेचं नव्हे, पहिल्यांदा वाचताना मी बराच वेळ गाडीची वाट बघत होते). मूळ ड्रोहेडा आयर्लंडमधलं खरं गाव आहे, हे कादंबरीतलं मात्र काल्पनिक. दुष्काळ, माश्या, धूळ, मेंढ्यांची लोकर कातरणं, हे सगळं इतकं तब्येतीत लिहिलंय की प्रेमकथा बाजूला ठेवली तरी पुस्तक वाचावंसं वाटतं. वीज पडून लागलेल्या वणव्यात पॅडी जळून मरतो, त्याला शोधायला गेलेला मुलगा स्टुअर्ट रानडुकराच्या तावडीत सापडून मरतो, आणि त्यानंतर पाऊस येतो. त्याआधी महिनोन्‌महिने ज्याची वाट बघत होते तो पाऊस.

सगळी कथा फिरते ती मेरी कार्सनच्या मृत्युपत्रावर. बाईसाहेबांचा 72वा वाढदिवस, मोठी पार्टी, मेगी राखाडी गुलाबी रंगाच्या ड्रेसमध्ये (त्या रंगाचं नाव 'अ‍ॅशेस ऑफ रोझेस', वाचलेल्यांपैकी कुणालाही विचारा, हे आठवतंच), आणि बाई त्याच रात्री मरतात. त्याआधी त्या भागातला धर्मगुरू असलेल्या राल्फच्या हातात एक पाकीट दिलेलं असतं. आत नवीन मृत्युपत्र, 1 कोटी 30 लाख पौंडांची इस्टेट चर्चला, कारभार राल्फकडे, क्लिअरींनी तिथे राहून जमीन सांभाळायची. ते पाकीट त्याने जाळलं असतं तर सगळं मेगीच्या घरच्यांना मिळालं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. तो जाळत नाही. बिशप, मग कार्डिनल, अशी चर्चमधली वरची पदं चढत थेट रोमपर्यंत पोचतो. म्हातारीला तो हवा होता, मिळाला नाही, मग तिने त्याला त्याच्याच महत्त्वाकांक्षेने विकत घेतलं. मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात हुशार व्यक्ती तीच.

पुढे मेगी राल्फसारखा दिसतो म्हणून ल्यूक ओ'नील नावाच्या माणसाशी लग्न करते, तो तिला क्वीन्सलंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवतो आणि स्वतः ऊसतोडीला जातो. तिचे पैसेही त्याच्याच खात्यात! मुलगी जस्टिन त्याची. मुलगा डेन मात्र राल्फचा, मॅटलॉक बेटावरच्या थोड्या दिवसांच्या सहवासातला, आणि हे राल्फला माहीतच नसतं. डेन मोठा होऊन स्वतःच धर्मगुरू होतो. आपल्याकडे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत एक मुलगा फादर झाला की केवढा अभिमान असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मेगीचं त्या वेळचं गप्प होणं जास्त कळेल. डेन क्रीटच्या समुद्रात दोन बायकांना वाचवताना मरतो, आणि ग्रीसमधून मुलाचा देह परत आणायला मदत हवी म्हणून मेगी राल्फला जाऊन सांगते की तो तुझा होता.

पुन्हा वाचणाऱ्यांचा अनुभव बऱ्याचदा वेगळा निघतो. एक तर राल्फ मेगीला पहिल्यांदा बघतो तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची, तो अठ्ठावीसच्या आसपास, कॉलेजात वाचताना हे खटकलं नव्हतं, आता पानोपानी खटकतं. दुसरं म्हणजे फी. पहिल्या वाचनात ती थंड, कोरडी बाई वाटते. पण तीही मोठ्या घरची मुलगी, लग्न झालेल्या एका राजकारण्यावर तिचं प्रेम होतं, त्याच्यापासून झालेला मुलगा फ्रॅंक, आणि बदनामी झाकायला पॅडीशी लग्न लावून दिलेलं. सगळी माया फ्रॅंकवर, आणि फ्रॅंक खून करून तुरुंगात जातो. लेकीचंही तेच, सगळी माया डेनवर, जस्टिन कोपऱ्यात. म्हणजे राल्फ-मेगीची म्हणून सांगतात ती गोष्ट खरं तर फी, मेगी आणि जस्टिनची आहे, राल्फ मधून मधून येऊन जातो. क्लिअरी भावांपैकी तर एकही लग्न करत नाही, सगळे मेंढ्यांतच म्हातारे होतात, याकडे फारसं कुणी बघत नाही.

नावातला काटेरी झुडपाचा पक्षी, जो आयुष्यात एकदाच गातो आणि तेही काट्यावर छाती टोचून घेऊन, पक्ष्यांच्या पुस्तकांत शोधू नये. असं करणारा पक्षी नाही.

मॅकलो (1937–2015) यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण सर्जरीच्या साबणाची अ‍ॅलर्जी निघाली, मग त्या न्यूरोफिजिऑलॉजीकडे (मेंदू आणि मज्जासंस्थेचं काम कसं चालतं त्याचा अभ्यास) वळल्या. अमेरिकेत येल विद्यापीठात नोकरी करता करता ही कादंबरी लिहिली. नंतर नॉरफोक बेटावर जाऊन राहिल्या आणि प्राचीन रोमवर जाडजूड पुस्तकं लिहिली, ती अभ्यासू लोक जास्त मानतात.

मार्च 1983 मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर मालिका आली, राल्फ झाला रिचर्ड चेंबरलेन, मेगी झाली रेचल वॉर्ड, मेरी कार्सन झाली बार्बरा स्टॅनविक (तिला एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं, मिळायलाच हवं होतं). पहिला भाग नेमका ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी दाखवला, धर्मगुरूच्या प्रेमाची गोष्ट आणि त्या पवित्र आठवड्यात, त्यामुळे कॅथलिक चर्चमधले लोक नाराज झाले. प्रेक्षक मात्र तुडुंब. शूटिंग ऑस्ट्रेलियात नाही, ड्रोहेडा उभं केलं कॅलिफोर्नियात आणि क्वीन्सलंड हवाईत. लेखिकेला मालिका अजिबात आवडली नव्हती आणि ते त्यांनी लपवलंही नाही.