रिदम गेममधील हिप-हॉप संगीत

पडद्यावरच्या खुणांबरहुकूम, गाण्याच्या तालात बटणे दाबायची, हा रिदम गेम या व्हिडिओ गेम प्रकाराचा गाभा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये हा प्रकार नावारूपाला आला आणि त्याच्या पहिल्या काही गाजलेल्या खेळांत हिप-हॉप ठळकपणे होते. या संगीताचा जन्म १९७०च्या दशकातला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. त्याचे दोन आधार म्हणजे तबकड्या फिरवणारा डीजे आणि त्या तालावर शब्द पेरणारा रॅपर. डीजेचे काम हातांचे असल्याने ते कंट्रोलरवर सहज उतरते. रॅपरचे काम जिभेचे. ते बटणांवर कसे आणायचे, हा या खेळांपुढचा जुना पेच आहे.

त्याचे पहिले आणि अजूनही सर्वांत चतुर उत्तर ‘पाराप्पा द रॅपर’ने दिले. मासाया मात्सुरा यांच्या नानाओन-शा या स्टुडिओचा हा खेळ डिसेंबर १९९६मध्ये जपानात प्लेस्टेशनवर आला. चित्रे अमेरिकी कलाकार रॉडनी ग्रीनब्लाट यांची. त्यांचा नायक म्हणजे कागदासारखा चपटा, टोपी घातलेला कुत्रा. सनी फनी या मैत्रिणीवर छाप पाडण्यासाठी तो कराटे, गाडी चालवणे, केक करणे असे एकेक शिकत जातो. सगळे धडे रॅपमध्येच. जपानी आवृत्तीतही रॅप इंग्रजीतच ठेवले होते. त्याचे शब्द र्यू वाताबे यांनी लिहिले आणि कराटे शिकवणाऱ्या कांदेमास्तरांना आवाजही त्यांनीच दिला.

रचना सवाल-जवाबाची आहे. शिक्षक एक ओळ म्हणतो, पाराप्पाने ती परत म्हणायची. पडद्याच्या वरच्या भागातल्या पट्टीवर बटणांची चिन्हे मांडलेली असतात आणि पाराप्पाचे इवलेसे डोके त्यांच्यावरून सरकत जाते. प्रत्येक बटणाला त्या ओळीतला एखादा शब्द बांधलेला असल्यामुळे दाबण्याची वेळ हुकली की नुसते गुण जात नाहीत, रॅपच अडखळतो. दोनदा दाबले तर शब्द दोनदा ऐकू येतो. खरी गंमत याच्याही पुढे आहे. कूल, गुड, बॅड आणि ऑफुल अशा चार पायऱ्यांवर खेळाडूला जोखले जाते आणि बरहुकूम खेळणारा ‘गुड’वरच राहतो. ‘कूल’ गाठायचे तर चिन्हांच्या मधल्या जागा भरायच्या, शब्द तोडायचे, पुन्हा म्हणायचे, पण ताल सोडायचा नाही. ते जमले की शिक्षक बाजूला होतो आणि खेळाडू मोकळा सुटतो. लिहून दिलेल्या ओळीपासून दूर जाण्याचे बक्षीस देणारे रिदम गेम आजही विरळाच, आणि हिप-हॉपचा स्वभाव नेमका हाच आहे.

या खेळातला संस्मरणीय प्रसंगही या मुशीतलाच. जोराची लागलेला पाराप्पा शौचालयाच्या रांगेत पुढे सरकण्यासाठी आधीच्या चारही शिक्षकांशी एकामागून एक भिडतो. रॅपची स्पर्धा म्हणजे काय, हे इतक्या हास्यास्पद आणि इतक्या अचूक रीतीने क्वचितच दाखवले गेले असेल. २०१७मध्ये प्लेस्टेशन ४वर या खेळाची नव्याने सजवलेली आवृत्ती आली.

डीजेच्या बाजूचा रस्ता सोपा होता. कोनामी या जपानी कंपनीच्या ‘बीटमॅनिया’ने डिसेंबर १९९७मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर, पाच कळा आणि एक फिरती तबकडी ठेवली. हिप-हॉप हा त्यातल्या अनेक शैलींपैकी एक. ‘डीजे हीरो’ (२००९) मात्र तबकडीलाच खेळ मानतो. फ्रीस्टाइलगेम्स या ब्रिटिश स्टुडिओने त्यासाठी तीन बटणांची तबकडी आणि क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सरकती कळ) असलेला खास कंट्रोलर वापरला. दोन गाणी एकमेकांत मिसळून नवे मिश्रण तयार करायचे आणि खेळाडूने ती मिसळण हातांनी वाजवायची. डीजेकलेच्या आद्य मंडळींपैकी ग्रँडमास्टर फ्लॅश हे त्यात खेळाडूला प्राथमिक धडे देतात.

मायक्रोफोनचा प्रयोग ‘डेफ जॅम रॅपस्टार’ने (२०१०) केला. गाजलेल्या रॅपचे शब्द पडद्यावर येतात, खेळाडूने ते तालात म्हणायचे आणि खेळ उच्चार नि वेळ दोन्ही तपासतो. कल्पना सरळ होती. परवान्यांचे प्रकरण मात्र किचकट. एका रॅपगीतात अनेक लेखकांचा वाटा असतो, शिवाय उचललेल्या जुन्या तुकड्यांच्या मालकांचाही. सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय गाणे खेळात घालता येत नाही. २०१२मध्ये ईएमआय या संगीत कंपनीने ५४ गाण्यांच्या हक्कांवरून या खेळाच्या निर्मात्यांवर अमेरिकेत दावा लावला. रॉकच्या तुलनेत परवानाधारी रॅपचे खेळ कमी का, याचे एक मोठे कारण इथे सापडते.

स्वतःचे संगीत रचणाऱ्यांना ही अडचण नसते. ‘फ्रायडे नाइट फंकिन’ हा खेळ २०२०मध्ये लुडम डेअर या झटपट खेळ बनवण्याच्या स्पर्धेसाठी तयार झाला आणि न्यूग्राउंड्स या संकेतस्थळावर तुफान लोकप्रिय झाला. निर्माते ‘पाराप्पा’चे ऋण उघडपणे मानतात. यातली रॅप-लढत शब्दांविना चालते: कावाई स्प्राइट यांच्या चालींवर बॉयफ्रेंड हे पात्र बीप-बूप असे आवाज काढते, प्रतिस्पर्ध्याने सोडलेली लकेर बाणांच्या कळांनी परतवते आणि सामना जिंकते. खेळाचा मूळ कोड खुला असल्याने चाहत्यांनी स्वतःची पात्रे आणि गाणी घालून असंख्य सुधारित आवृत्त्या काढल्या.