कोंबडीच्या पोटातली रांग

फेब्रुवारीत, हळद शिजवायच्या ऐन घाईत, वसमतकडच्या मामीचा फोन आला. "अरे, कोंबड्या अंडेच देईनात. तुझ्या मामाला म्हणलं होतं, अमावस्येला खुराडं हलवू नका. लागली ना नजर."

झालं होतं असं, की आखाड्यावर हळदीची कढई मांडायला जागा हवी म्हणून मामानं कडुलिंबाखालचं जुनं खुराडं मोडलं आणि अकरा गिरिराज कोंबड्या विटा-पत्र्याच्या नव्या शेडात नेल्या. रोज सहा-सात अंडी मिळायची. पाचव्या दिवशी दोन मिळाली, आठव्यापासून एकही नाही. मामीनं दारावर लिंबू-बिबा टांगला, मामानं दुकानातून 'अंडी वाढवणाऱ्या' टॉनिकची बाटली आणली. दोघांचा समज मात्र एकच. कोंबडी म्हणजे नळ, आणि तोटी कुठंतरी अडकलीय.

तोटी नसते हो, रांग असते. ही रांग माझ्या फार आवडीची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबणार आहे.

कोंबडीच्या दोन अंडाशयांपैकी फक्त डावा वाढतो. अंड्यावर असलेली कोंबडी घरी कापलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तो घोस आठवेल. पाच-सहा मोठे पिवळे बलक, प्रत्येक दुसऱ्यापेक्षा थोडा लहान. मग वाटाण्याएवढे, आणि मग मोहरीसारखे पांढुरके, मोजता न येण्याइतके. सगळ्यात मोठा उद्याचा, त्याच्या मागचा परवाचा. वाटाण्याहून लहान गोळीचा पुरता बलक व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याचा माल यकृतात तयार होतो आणि रक्तातून थरावर थर चढत जातो. कोंबडीला एकच दिवस सुदान नावाचा चरबीत विरघळणारा रंग खाऊ घातला, तर पुढच्या काही दिवसांतली अंडी उकडून कापल्यावर बलकात रंगीत कडं दिसतं. पहिल्या अंड्यात ते अगदी काठाला, नंतरच्या अंड्यांत आत आत सरकलेलं. म्हणजे आज हातात आलेलं अंडं गेल्या आठवड्याचा दाणापाणी सांगत असतं.

पिकलेला बलक सुटला की पुढचा प्रवास पंचवीस तासांचा. अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पाव तास, पांढरा चढायला तीन तास, आतला पापुद्रा बनायला तासभर, आणि उरलेले वीसेक तास नुसतं कवच. त्यामुळे खुराडं हलवलं त्या दिवशी त्यातल्या काहींच्या पोटात कवच चढत असलेलं अंडं होतंच. ते बाहेर येणारच होतं. फार तर उशिरा, कारण बिथरलेली कोंबडी अंडं रोखून धरते आणि तेवढ्या वेळात वर चुन्याचा एक जादा थर बसतो.

"मामी, पहिल्या दोन दिवसांतली काही अंडी चुना लावल्यासारखी होती का?"

"होती की! तुला कुणी सांगितलं?"

आता थोडं मेंदूत शिरायला लागेल. रांगेतला पहिला बलक पिकला, की त्याच्या भोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतात. ते मेंदूला कळतं, मेंदू त्याच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, आणि तिथून ल्युटिनायझिंग हार्मोनची लाट निघते. त्यानंतर चार ते सहा तासांनी बलक सुटतो. पण ही लाट हवी तेव्हा निघत नाही. रात्रीच्या साधारण आठ-दहा तासांच्या खिडकीतच तिला मुभा असते. अंड्याचं चक्र चोवीस तासांहून थोडं मोठं, म्हणून लाट रोज थोडी उशिरा येते, सरकत सरकत खिडकीबाहेर जाते, आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला हा खाडा माहीत असतो. ही खिडकी कुठं उघडायची, ते ठरवतो उजेड-अंधाराचा फेरा. (इथं गोंधळ उडाला असेल तर एवढंच धरून ठेवा : पहिला बलक सुटायला मेंदूची परवानगी लागते, आणि मेंदू उजेड मोजतो.)

मोजतो कसा, तर कवटीतून. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर दाखवलं, की डोळे नसले तरी पक्ष्याच्या मेंदूला उजेड कळतो. मेंदूच्या तळाशीच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. जुनं खुराडं जाळीचं होतं, तांबडं फुटलं की आत उजेड. नव्या शेडाला एकच खिडकी, आणि हळदीच्या गडबडीत मामा दार उघडायचा आठ वाजता. आपल्याकडे तेव्हा दिवस साडेअकरा तासांचा. त्यातला सकाळचा तास गेला, संध्याकाळी शेडात अंधार लवकर. उरले दहा तास. भरपूर अंडी हवीत तर चौदा ते सोळा लागतात. कोंबड्यांच्या हिशेबानं मामानं फेब्रुवारीत हिवाळा परत आणला होता.

त्यात धास्ती. पकडापकडी, अनोळखी जागा, पाण्याचं भांडं सापडेपर्यंतची तहान, दांडीवर कुणी कुठं बसायचं याची नव्यानं टोचाटोची. या सगळ्यानं रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि परवानगीची लाट दबते. नुसता प्रजनन दाबणारा एक संदेशही पक्ष्यांच्या मेंदूत असतो. तो २००० साली जपानी बटेरमध्ये सापडला.

परवानगी नाही आली, तर पिकलेले बलक ताटकळत बसत नाहीत. ते जागच्या जागी जिरतात, शरीर तो माल परत घेतं. रांग विस्कटते. कोंबडी निवांत झाली, उजेड पुरेसा झाला, तरी नवी रांग लहान गोळ्यांपासून उभी राहणार, म्हणजे आणखी आठ-दहा दिवस. म्हणून ही तूट उशिरा सुरू होते आणि उशिरा संपते, आणि मधल्या काळात जो कुणी लिंबू टांगेल किंवा बाटली पाजेल त्याला श्रेय मिळतं. बाटली तर लिंबापेक्षा कितीतरी महाग.

मामीला दोनच गोष्टी सांगितल्या. दार उजाडताच उघडायचं, आणि पहाटे साडेचारला चार्जिंगचा बल्ब लावायचा. वेळ रोज तीच ठेवायची. बल्ब पहाटेच का? रात्री एकदम विझवला तर कोंबड्यांना दांडी सापडत नाही.

एकविसाव्या दिवशी पहिलं अंडं आलं, नंतर आठवडाभरात रोजची पाच. मामीच्या मते लिंबू पावला, मामाच्या मते टॉनिक. मी वाद घातला नाही.

मार्चमध्ये गेलो तेव्हा हळदीच्या पाल्याचा ढीग उचलताना गड्यानं हाक मारली. जुनं खुराडं होतं त्याच्या अगदी शेजारी, पाल्याच्या आत खळगा करून चौदा अंडी. एक-दोघींनी बहुधा काही बंद केलंच नव्हतं. नवी जागा तेवढी त्यांना पसंत पडली नव्हती. मामीनं बादलीत पाणी घेतलं. अंडं जुनं झालं की आतला ओलावा कवचातून उडतो, हवेची पोकळी वाढते, म्हणून ते तरंगतं. नऊ तरंगली, पाच तळाला गेली. पाचांचा रस्सा झाला.