टाकी भरलेली, रेडिएटर कोरडा

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझा भाचा मोटरसायकलवरून सिंहगडाला निघाला होता. घाटात गाड्यांची रांग, वेग माणसाच्या चालीचा, गिअर पहिला. अर्ध्या वाटेत तापमानाचा लाल दिवा लागला. पाठोपाठ गुडघ्याशी वाफारा आला आणि पाक कढल्यासारखा गोडसर वास. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मला फोन लावला. "आत्या, कूलंटची टाकी बघितली, भरलेली आहे. मग गाडी तापतेय कशी?"

मी आधी एवढंच सांगितलं, की रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस, तासभर सावलीत बस. तासाभराने, सगळं गार झाल्यावर, त्याने फडक्याने धरून झाकण हळूहळू फिरवलं. आत कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता रेडिएटरच्या जाळीपर्यंत नेऊन वाऱ्यात सोडणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, दिसेना. टाकी भरलेली आणि रेडिएटर जवळजवळ कोरडा. मला विचाराल तर या बिघाडाचं सगळं मर्म या एका विसंगतीत आहे.

आधी उष्णतेचा हिशोब. लिटरला ३५ किलोमीटर देणारी गाडी ताशी ७० च्या वेगाने तासाला दोन लिटर पेट्रोल जाळते. त्यातून साधारण १८ किलोवॅट ऊर्जा बाहेर पडते आणि चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोचतो. उरलेल्यातली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि चार-पाच किलोवॅट कूलंटच्या वाट्याला येतात. म्हणजे घरातले दोन-दोन किलोवॅटचे दोन गिझर एकदम चालू, आणि त्यांच्यात पाणी किती? अशा गाडीत लिटरभर. रेडिएटरने काम थांबवलं तर हे लिटरभर पाणी सेकंदाला एक अंशाच्या आसपास तापेल. इंजिनाचा धातू थोडी उष्णता पिऊन घेतो म्हणून काही सेकंद जास्त मिळतात, इतकंच. घाटात वेग कमी म्हणजे उष्णताही थोडी कमी, पण समोरून वारा नाही. सगळी भिस्त एका छोट्या पंख्यावर, आणि तोही मे महिन्याची तापलेली हवाच रेडिएटरवर ओढतो.

आता दाबाकडे येऊ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांना उकळतं. सिंहगडाच्या माथ्यावर तर ९६ च्या आसपासच. इंजिनातलं पाणी मात्र बिनधास्त १०० च्या वर जातं आणि तरी उकळत नाही, कारण ते कुकरमध्ये आहे. रेडिएटरच्या झाकणावर बहुतेक वेळा १.१ असा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब १.१ बारने वाढेपर्यंत ते झाकण उघडत नाही. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं तर ही मर्यादा आणखी वर जाते.

कुकरची रिंग सैल झाली की काय होतं हे प्रत्येक घरात माहीत आहे. कडेने वाफ फुसफुसत राहते, शिट्टी होत नाही, डाळ कच्ची राहते. कूलंटची गळती नेमकी तशीच असते. थेंब-थेंब पाणी जातं हे नुकसान आहेच, पण त्याच्या आधी दाब जातो. दाब गेला की उत्कलनबिंदू खाली येतो आणि सिलिंडर हेडच्या तापलेल्या भिंतीवर वाफेचे बुडबुडे धरू लागतात. वाफ उष्णता फार वाईट वाहून नेते, त्यामुळे बुडबुड्याखालचा ॲल्युमिनियम तिथल्या तिथे भाजत राहतो. शेवटी हेड वाकतं आणि त्याच्याखालचा सांधा बंद ठेवणारं हेड गास्केट जातं. त्यातही धोक्याची गोष्ट अशी, की तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ साठली की तो चुकीचं, अनेकदा कमी तापमान दाखवतो.

मग टाकी भरलेली का राहिली? रेडिएटरच्या झाकणात एकाऐवजी दोन झडपा असतात. इंजिन तापून कूलंट फुगलं की जास्तीचं कूलंट मोठ्या झडपेतून टाकीत जातं. इंजिन गार झालं, कूलंट आकसलं, की आत पोकळी तयार होते आणि मधली छोटी झडप उघडून टाकीतलं कूलंट परत ओढलं जातं. इंजिनाचा हा श्वासोच्छ्वासच म्हणा. पण कुठे तरी गळती असेल तर टाकीतून नळीवाटे कूलंट ओढण्यापेक्षा त्या भोकातून हवा ओढणं सोपं जातं. रोज थोडं कूलंट बाहेर, रोज थोडी हवा आत. टाकीतली पातळी जागची हलत नाही आणि आपण ती बघून निश्चिंत राहतो.

गाडी दुपारी टेम्पोत घालून घराजवळच्या गॅरेजमध्ये आणली. तिथले दादा आमच्या रस्त्यावर गेली कित्येक वर्षं काम करतात. त्यांनी पंख्याला थेट बॅटरी जोडून बघितली, पंखा फिरला. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, मी घरी नेला आणि पातेल्यात पाण्यात टांगून खाली गॅस लावला. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ८० च्या पुढे ती छान उघडली. गळती मात्र दिसेना. होज म्हणजे रबरी नळ्या कोरड्या, क्लिपा घट्ट, रेडिएटरच्या जाळीला कुठे हिरवा डाग नाही.

"ताई, गरम इंजिनवर गळती शोधून सापडत नाही," दादा म्हणाले. "थेंब खाली पडायच्या आत सुकतो." अशा बारीक गळतीबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. शिवाय तापल्यावर धातू आणि रबर फुगतात आणि कधी कधी बारीक फट बुजते. गार झालं की ती परत उघडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर त्यांनी हातपंप लावला. हे साधन बघण्यासारखं असतं. सायकलच्या पंपाची छोटी आवृत्ती, वर दाबाचा काटा, आणि तोंड रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारं. रेडिएटर पाण्याने भरला आणि पंप मारत काटा १ च्या जरा पुढे नेला. झाकणावर लिहिलंय त्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर चांगला होजही फुटेल. मग हात बांधून काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा आधी स्थिर होता. मग केसभर सरकला, मग आणखी थोडा. भाचा टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झाला आणि ओरडला, "आत्या, वॉटर पंपाच्या खाली!"

इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या या वॉटर पंपाच्या बुडाशी खिळ्याच्या टोकाएवढं भोक होतं. त्याच्या कडेला वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी पापडी, आणि त्या पापडीवर एक थेंब सावकाश मोठा होत होता.

हे भोक म्हणजे बिघाड नव्हे. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचा दांडा एका टोकाला इंजिनाच्या तेलात आणि दुसऱ्या टोकाला कूलंटमध्ये असतो. तेलाच्या बाजूला ऑइल सील, पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील, आणि दोघांच्या मध्ये रिकामी जागा. कुठलंही सील हरलं तर गळणारा द्रव दुसरीकडे न शिरता या भोकातून बाहेर पडावा, अशी ही योजना. ज्याने ती प्रथम सुचवली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. गळती बघवत नाही म्हणून हे भोक एम-सील लावून बुजवणारेही भेटतात. कृपा करून तसं करू नका. कूलंट मग तेलात जातं, तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो आणि बेअरिंगपर्यंत सगळं बिघडतं.

दोन्ही सील आणि ओ-रिंग नाना पेठेतून आणली. जुनं मेकॅनिकल सील हातात घेऊन बघितलं तर कार्बनच्या कड्यावर नखाला लागेल अशी एक चर पडली होती. हे कडं दुसऱ्या गुळगुळीत कड्यावर घासत फिरतं आणि दोघांमध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर वंगणाचं काम करतो. कूलंट कमी झालं की ते कोरडं घासतं. बोअरच्या पाण्यातले क्षार तिथे साचले की ते कानशीसारखे चालतात. भाच्याने याआधी दोनदा सोसायटीच्या बोअरचं पाणी घातलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. अडीअडचणीला बाटलीतलं पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण नंतर सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरमधलं मिश्रण भरायला हवं. नुसतं दाट कूलंट ओतणंही चूकच, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. आणि रंगावरून काही ठरवू नका, तो फक्त रंग असतो. बाटलीवरचं वाचा.

काढलेलं कूलंट ट्रेमधून थेट झाकणाच्या डब्यात गेलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री जमिनीवरचं चाटतात.

भरताना घाई चालत नाही. झाकण उघडं ठेवून बारीक धारेने ओतायचं, होज हाताने दाबायचे, गाडी अलगद डावी-उजवीकडे झुकवायची. बुडबुडे थांबले की इंजिन मंद चालवायचं आणि कमी होईल तेवढं घालत राहायचं. झाकण नवीनच बसवलं.

भाच्याने घाटात गरम झाकण उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर मांडला. ११० अंशांचं लिटरभर पाणी एकदम मोकळ्या हवेत आलं, तर त्यातलं जेमतेम २० ते २२ ग्रॅम क्षणात वाफ होतं. पण तेवढ्याची वाफ ३५ लिटरच्या पुढे जाते, आणि ती उरलेलं उकळतं पाणी चेहऱ्यावर उडवत बाहेर येते.

पुढच्या रविवारी तो परत सिंहगडाला गेला. निघण्याआधी त्याने टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारली होती. गडाच्या पायथ्याशी परतल्यावर त्याने फोटो पाठवला, कूलंट रेघेच्या बोटभर वर होतं. सोमवारी सकाळी पुन्हा फोटो आला, बरोबर रेघेवर.