यंत्रभागांतून आकारशोध (वास्तुशिक्षण)

जुने यंत्र खोलून, त्याचे भाग मोजून व रेखाटून त्यांतून इमारतीचा आकार, पोकळी आणि जोडणी यांचा विचार करायला लावणारा स्टुडिओतला सराव. तो बहुधा पहिल्या वा दुसऱ्या वर्षी घेतात. वस्तू हाताळत शिकण्याची ही रीत जर्मनीतल्या बाउहाउस या कला-वास्तुशाळेच्या (स्थापना १९१९) प्राथमिक अभ्यासक्रमाशी नाते सांगते.

यंत्राची निवड चुकली की सराव तिथेच फसतो. नुसती दंतचक्रे हाती आली तर गोल इमारतींपलीकडे फारसे काही निघत नाही. आत पोकळी आणि हालचाल दोन्ही असलेले यंत्र घ्यावे : कुलूप, टाइपरायटर, त्याहून उत्तम म्हणजे कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग). त्याचा घसा रुंद–अरुंद–रुंद होत जातो, मध्ये झडप फिरते, बाजूला इंधनाची वाटी असते. जागांचा क्रम आयताच मिळतो. खोलण्याआधी उरलेले पेट्रोल मोकळ्या हवेत काढावे आणि दाबलेल्या स्प्रिंगा हळूच सोडाव्यात.

भाग सुटतील त्या क्रमाने मांडून फोटो घ्यावा. मग व्हर्नियर कॅलिपरने मापे घेऊन २:१ प्रमाणात प्लॅन (वरून दिसणारे चित्र), एलिव्हेशन (समोरून दिसणारे) आणि निदान दोन छेद (कापून आतले दाखवणारे) काढावेत. खरा ऐवज छेदात असतो. बाहेरचे रूप बरेचदा भुलवते. पोकळी हाती यावी म्हणून आत सिलिकॉन रबर ओतून ठसा काढतात. प्लॅस्टर ओतले तर खाचांत अडकते, आणि ठसा फुटल्याशिवाय सुटत नाही.

यानंतर भाग म्हणजे इमारतीचे छोटे मॉडेल मानून आत माणूस उभा आहे अशी कल्पना करायची. २६ मिमीचे भोक १:५० प्रमाणाला (खरे माप पन्नास पट) १.३ मीटर, म्हणजे वाकून जायची वाट. १:१०० ला २.६ मीटर, म्हणजे ऐसपैस दार; १:२०० ला ५.२ मीटर, म्हणजे दालन. मात्र ३ मिमीची भिंतही याच क्रमाने १५०, ३०० आणि ६०० मिमी होते, हे विद्यार्थी हमखास विसरतात. म्हणून तिन्ही प्रमाणांचे छेद शेजारी लावून मगच एक निवडावे.

पुढचे मॉडेल माउंट बोर्डाचे (जाड पुठ्ठ्याचे) करावे. धातूचे तुकडेच चिकटवून केलेले मॉडेल दिसते देखणे, पण त्यात फरशी कुठे, जिना कुठे, उजेड कुठून येतो हे सांगता येत नाही. मूल्यमापनाच्या वेळी मूळ भाग टेबलावरून उचललेला बरा. नाहीतर चर्चा साम्यावरच अडते.