जैवपृष्ठक्रियाकारके आणि घन सेंद्रिय पदार्थांचे विघटन

सूक्ष्मजीव तयार करतात त्या, एक टोक जलस्नेही आणि दुसरे जलविरोधी असलेल्या रेणूंना जैवपृष्ठक्रियाकारके किंवा बायोसर्फॅक्टंट म्हणतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे ऱ्हॅम्नोलिपिड आणि बॅसिलस सबटिलिसचे सर्फॅक्टिन यांचा अभ्यास विशेष झाला आहे. सर्फॅक्टिनमुळे पाण्याचे पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटरवरून सुमारे 27पर्यंत उतरते.

घन पदार्थ जिवाणूला गिळता येत नाही. एकतर विकरे बाहेर सोडून तो फोडावा लागतो, नाहीतर पाण्यात जेवढा विरघळेल तेवढ्यावर भागवावे लागते. फेनॅन्थ्रीन हे जलविरोधी हायड्रोकार्बन 25° से. तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम 1 मिग्रॅ. विरघळते, ते पचवू शकणारा जिवाणूही मग स्फटिकाशेजारी उपाशी राहतो. बायोसर्फॅक्टंटची संहती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्याचे रेणू एकत्र येऊन मिसेल बनतात आणि असे जलविरोधी रेणू पोटात घेऊन पाण्यात आणतात.

परिणाम पेशीवरही होतो. ऑक्टाडेकेन हे लांब साखळीचे हायड्रोकार्बन 28° से.च्या आसपास वितळते, म्हणजे त्याखाली त्याचे मेणासारखे खडे पाण्यावर तरंगतात. ऱ्हॅम्नोलिपिडमुळे ते बारीक विखुरते. शिवाय स्यूडोमोनासच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइडचा (मेद आणि शर्करा जोडून बनलेल्या रेणूचा) काही भाग सुटून पेशीचा पृष्ठभाग अधिक जलविरोधी होतो व ती कणांना सहज बिलगते.

काष्ठमय पदार्थांत अडचण निराळी: सेल्युलोज फोडणारी विकरे लिग्निनला, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणाऱ्या घटकाला, चिकटून वाया जातात. पृष्ठक्रियाकारक लिग्निनवरची ती जागा आधीच अडवतो. सांडपाण्याच्या गाळात मात्र त्याने गुठळ्या सुटतात, प्रथिने व कर्बोदके मोकळी होऊन जलापघटन (पाण्याच्या साहाय्याने मोठे रेणू फुटणे) वेगावते; पण मिथेनजनक सूक्ष्मजीव दबले तर वायूऐवजी मेदाम्लेच साचतात.

‘बायोसर्फॅक्टंट घाला, विघटन वाढेल’ हे सरसकट विधान म्हणूनच फसवे आहे. पृष्ठभागाला चिकटूनच खाणाऱ्या जिवाणूंना तो तिथून सोडवतो. मिसेलमध्ये अडकलेला रेणू प्रत्येक पेशीला घेता येतोच असे नाही. मात्रा जास्त झाल्यास पेशीपटलालाही इजा होते. आणि ऱ्हॅम्नोलिपिड स्वतःच पचायला सोपे असल्याने कित्येकदा मूळ पदार्थ तसाच राहतो व जिवाणू आधी तेच संपवतात.