आय²आर की व्ही²/आर? नीटवाल्यांनी एकदाच मिटवायचा घोळ

नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या फॉर्म्युल्यांच्या कागदावर, रोधात खर्च होणारी पॉवर काढायला (आय म्हणजे करंट, आर म्हणजे रोध, व्ही म्हणजे व्होल्टेज), एक ओळ हमखास सापडते: ‘सिरीजला आय²आर, पॅरललला व्ही²/आर’. ती आधी खोडा. रेझिस्टरसाठी (म्हणजे रोध असलेल्या भागासाठी) दोन्ही सूत्रं कुठल्याही जोडणीत खरीच असतात. ओहमचा नियम (व्ही = आय × आर) येतो ना, मग एकातून दुसरं निघतं. त्यात पाठ करण्यासारखं काही नाही.

खरी गल्लत होते ती व्ही कुणाचा, यात. व्ही म्हणजे त्याच आरच्या दोन टोकांमधलं विभवांतर. बॅटरीचं नव्हे, आणि प्रश्नात पहिलं दिसलेलं व्होल्टेज तर नव्हेच.

समजा १० किलोवॅट वीज १००० व्होल्टने पाठवायची आहे आणि तारांचा एकूण रोध ५ ओहम आहे. तारांत किती वाया जाते? व्ही²/आरमध्ये १००० घातले की उत्तर येतं २ लाख वॅट. पाठवले १० हजार आणि जळाले २ लाख! तरी ते पर्यायांत दिसलं की मुलं गोल काळा करून मोकळी होतात. ४ गुण हुकतात, वर उणे १. नीट केलं तर करंट १० अँपिअर, म्हणून आय²आरने ५०० वॅट. आता व्ही²/आरही लावून बघा: तारांवर पडतात फक्त ५० व्होल्ट, ५०चा वर्ग भागिले ५, पुन्हा ५००च.

मग सूत्र निवडायचं कसं? दोन्हीकडे जे समान असेल ते सूत्रात ठेवायचं. २२० व्होल्टचे ६० आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये २२० व्होल्टवर लावले, तर करंट एकच, म्हणून आय²आर. बल्बवर छापलेले वॅट फक्त रोध काढायला वापरा: साधारण ८०७ आणि ४८४ ओहम. रोध तेवढाच राहतो असं धरलं, तर ६०वाला २३.४ वॅट घेतो आणि १००वाला १४.१. जास्त उजळतो तो ६०वाला.

उलट, १००० वॅटच्या हीटरची तार अर्धी कापून त्याच २२० व्होल्टला जोडली, तर समान आहे व्ही. आर निम्मा, पॉवर २००० वॅट. ‘आय²आरमध्ये आर निम्मा, म्हणून ५००’ म्हणणारे करंट दुप्पट झाल्याचं विसरतात.

कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेचंही तेच (सी म्हणजे त्याची धारिता, क्यू म्हणजे त्यावरचा चार्ज). बॅटरी जोडलेली असेल तर व्ही कायम, म्हणून ½सीव्ही². काढली असेल तर क्यू कायम, म्हणून क्यू²/२सी. प्लेट्समध्ये के डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा विद्युतरोधक पूर्ण भरला की पहिल्यात ऊर्जा के पट होते, दुसऱ्यात मूळ ऊर्जा भागिले के.